टांझानियाला निघण्याआधी, तुझ्या पत्राला उत्तर

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद. चार जणींच्या पहिल्या ग्रुपमधे तुझं नाव आलं हे मदरनी फोनवर सांगितलं होतंच, पण तुझ्या हातचं पत्र वाचून जास्त आनंद झाला. नवीन घर, सोबत प्रायमरी शाळा आणि एक डिस्पेन्सरी, आणि चौघींत नर्सिंग केलेली तू एकटी, म्हणजे डिस्पेन्सरी तुझ्याकडेच येणार हे उघड आहे. शेवटच्या पानावर तू लिहिलंयस की मला तिथे लोकांसाठी स्वतःला पूर्ण संपवून टाकायचंय. हे वाक्य मी परत परत वाचलं. तुझी तळमळ खरी आहे, त्यात मला काडीची शंका नाही, पण मी त्याच भागात बरीच वर्षं काढलीत म्हणून हक्काने सांगते, संपायला जाऊ नकोस गं. काम करायला जा. दोन्हीत फरक आहे, आणि तो मला जिच्यामुळे कळला तिच्याबद्दल आज जरा सविस्तर लिहिते.

फादर डेमियनचं नाव नोव्हिशिएटमधे, सिस्टर होण्याच्या ट्रेनिंगमधे, तू शंभरदा ऐकलं असशील. हवाईतलं मोलोकाई बेट, तिथल्या कुष्ठरोग्यांची सेवा, शेवटी त्यांनाच रोग झाला, सगळं तुला पाठ असणार. पण मदर मरियान कोपबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. तीही त्याच बेटावर होती, फादरांच्या शेवटच्या महिन्यांत तिथेच होती, आणि त्यांच्यानंतर जवळपास तीस वर्षं काम करून १९१८ मधे म्हातारपणाने गेली. २०१२ मधे तिला संत घोषित केलं. रोग न होता, मारलं न जाता, रोजचं काम नीट करत करत माणूस संतपदाला जातो हे तरुण मुलींना कुणी सांगतच नाही, मला याची फार खंत वाटते.

ती जन्माने जर्मन, १८३८ मधे हेपनहाइमला जन्मली आणि वर्षा-दोन वर्षांची असताना आईबाप अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी आले. आठवी झाली आणि वडील आजारी पडले, मग ही गिरणीत कामाला लागली, धाकट्या भावंडांचं सगळं तिच्यावर. कॉन्व्हेंटमधे जायची इच्छा लहानपणापासून, पण घर सोडता येईना, म्हणून सिरॅक्यूजच्या फ्रान्सिस्कन सिस्टर्सकडे ती गेली तेव्हा चोवीस वर्षांची होती. तू एकदा म्हणाली होतीस ना की घरच्या अडचणींमुळे तुझी उमेदीची वर्षं वाया गेली? वाया वगैरे काही जात नाही. गिरणीत काम केलेल्या बाईला कामगार कसा दमतो, मुकादम कसा वागतो, पगार वेळेवर का लागतो, हे कुणी शिकवावं लागत नाही.

पुढे १८७० पासून ती सिरॅक्यूजच्या सेंट जोसेफ हॉस्पिटलची प्रमुख होती. त्या काळात दारूडे पेशंट हॉस्पिटलात घ्यायचे नाहीत अशी समजूत होती, हिने घेतले, लोकांनी नावं ठेवली तरी घेतले. गावात मेडिकल कॉलेज आलं तेव्हा विद्यार्थ्यांना शिकायला आपलं हॉस्पिटल उघडून दिलं, पण अट घातली की पेशंट नको म्हणाला तर विद्यार्थ्यांनी त्याला हात लावायचा नाही. दीडशे वर्षांपूर्वी! आज आपल्याकडच्या मोठ्या मोठ्या हॉस्पिटलांत गरीब बाईला न विचारता दहा पोरं तिच्या कॉटभोवती उभी राहतात, तू ट्रेनिंगमधे बघितलं असशीलच.

१८८३ मधे ती सिस्टर्सच्या संघाची मदर जनरल, म्हणजे प्रमुख, असताना हवाईच्या राजाच्या, कालाकौआच्या वतीने एका फादरांचं पत्र आलं, आमच्या बेटांवर आजारी माणसांसाठी सिस्टर्स हव्यात. पन्नासाहून जास्त संघांनी आधीच नाही म्हटलं होतं. हिने उत्तरात कळवलं की मला या कामाची भूक लागलीय, मला कुठल्याही रोगाची भीती वाटत नाही. बघ, शब्द तुझ्यासारखेच आहेत की नाही? पण त्या शब्दांमागे गिरणी होती, हॉस्पिटलचा हिशोब होता, भांडून मिळवलेले नियम होते. आग तर तुझ्याकडेही आहे बाय, मला काळजी आहे ती चुलीची.

तर सहा सिस्टर्सना घेऊन ती निघाली, सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत रेल्वेने, तिथून मारिपोसा नावाच्या बोटीने, आणि ८ नोव्हेंबर १८८३ ला होनोलुलूला उतरली. सिस्टर्सची घडी बसवून द्यायची आणि आपण परत सिरॅक्यूजला जायचं असा तिचा विचार होता. परत जाणं काही झालं नाही.

काकाआको म्हणून होनोलुलूला लागून भाग आहे, तिथे सरकारचं ब्रँच हॉस्पिटल होतं. सगळ्या बेटांवरून कुष्ठरोगाचा संशय असलेली माणसं पकडून तिथे आणायची आणि मग पुढे मोलोकाईला पाठवायची. जागा कमी, माणसं कितीतरी जास्त, घाण, जखमांचा वास, माशा. सिस्टर्सनी सुरुवात कशाने केली असेल? घासण्यापासून. जमिनी घासल्या, कपडे उकळले, जखमा धुतल्या, स्वच्छ पट्ट्या बांधल्या. तिचं म्हणणं साधं होतं, माणूस बरा होणार नसला तरी त्याने स्वच्छ अंथरुणात झोपावं.

आता तू ज्यासाठी हे पत्र जपून ठेवावंस असं मला वाटतं तो भाग. त्या हॉस्पिटलवर सरकारने नेमलेला एक अधिकारी होता आणि तो पेशंटांना वाईट वागवायचा. सिस्टर्स मूळच्या पाहुण्या, परदेशी, सरकारच्या पैशावर, राजाच्या बोलावण्यावरून आलेल्या. अशा वेळी आपल्यासारख्या बायका काय करतात हे मी आयुष्यभर पाहिलंय, आपण प्रार्थना वाढवतो, पेशंटच्या हातात गुपचूप एखादं केळं ठेवतो आणि म्हणतो देव बघून घेईल. मदर मरियानने सरकारला सरळ सांगितलं, एकतर हा माणूस जाईल नाहीतर आम्ही सिस्टर्स सिरॅक्यूजला परत जाऊ. सरकारने हॉस्पिटलचा कारभार तिच्या हातात दिला.

तिला हे बोलता आलं कारण तिचं काम चोख होतं, तिच्याशिवाय चालणार नाही हे सरकारला कळलं होतं. आणि दुसरं, परत जायची तिची खरंच तयारी होती. जी बाई संपायलाच आलेली असते तिला परत जातो म्हणता येत नाही गं, ती सगळं सोसत राहते आणि तिच्यासोबत पेशंटांनाही सोसावं लागतं.

तू सगळ्यात धाकटी आहेस, असं बोलायचा अधिकार तुझा नाही, तुमच्या घराच्या प्रमुखाचा, सुपिरियरचा आहे. पण तिला बोलता यावं म्हणून तुझ्याकडे लिहिलेलं असलं पाहिजे. कोणत्या तारखेला काय झालं, कुणी पाहिलं, पेशंट काय म्हणाली. वही ठेव. आणि जायच्या आधीच बिशपांच्या ऑफिसकडून कागदावर घ्या की डिस्पेन्सरीच्या औषधांच्या कपाटाची किल्ली कुणाकडे, स्टाफ नेमणार कोण, पगार कोण देणार, तक्रार आली तर कुणी ऐकायची. मी एके ठिकाणी होते, नाव नाही सांगत, तिथे किल्ली कमिटीच्या एका सभासदाच्या खिशात असायची आणि तो बाजाराला गेला की अख्खा दिवस औषध नाही, बाया पोरांना पाठीला बांधून झाडाखाली बसून राहायच्या. कागद असता तर एका दिवसात मिटलं असतं.

मरियानच्या कामात शाळा आणि मुलं पण होती, हॉस्पिटलपुरतं ते नव्हतं. १८८४ मधे सिस्टर्सनी माउई बेटावर मालुलानी हॉस्पिटल सुरू केलं, त्या बेटावरचं पहिलं जनरल हॉस्पिटल, आणि तिथेच वाइलुकूला मुलींची शाळा. १८८५ च्या नोव्हेंबरमधे काकाआकोच्या आवारातच कापिओलानी होम उघडलं, राणीच्या नावाने. कुष्ठरोगी आईबापांच्या निरोगी मुलींसाठी. आवारातच का, तर अशा मुलींना सांभाळायला दुसरं कुणी तयारच नव्हतं. आईबाप बोटीत बसवून मोलोकाईला नेलेले, नातेवाईक घाबरलेले, आणि पाच-सहा वर्षांची पोर रस्त्यावर.

इथे मला तुझ्याशी एक अवघड गोष्ट बोलायचीय. हा जो कायदा होता ना, १८६५ चा, रोग्यांना वेगळं काढायचा, तो क्रूर होता. १८६६ च्या जानेवारीत पहिली माणसं मोलोकाईला उतरवली आणि १९६९ पर्यंत ते धोरण चाललं, सुमारे आठ हजार माणसं तिकडे गेली, बहुतेक मूळ हवाईयन. रोग बाहेरून आलेला आणि शिक्षा त्यांना. तिथे जन्मलेली बाळं आईपासून काढून घ्यायचे. सिस्टर्सनी तो कायदा केला नव्हता पण त्यांचं काम त्या कायद्याच्या आतच चाललं होतं. आपल्याला हे परकं वाटायला नको, आपल्याकडेही १८९८ चा लेपर्स अ‍ॅक्ट होता, तो कागदावरून गेला २०१६ मधे, आणि बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं, अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभं केलं, ते गावाने बाहेर काढलेल्या माणसांसाठीच. तुलाही तिकडे असं काही ना काही दिसेल, सरकारचं असेल, चर्चचं असेल, आपल्याच संघाचं असेल. सिस्टर्स चांगल्या होत्या म्हणून व्यवस्था चांगली होती असं कधी समजू नकोस. दोन्ही वेगळं वेगळं बघायला शीक, नाहीतर आपण दुसऱ्याच्या अन्यायावर मलमपट्टी करणारे होतो आणि आपल्याला कळतही नाही.

मग १८८८ च्या नोव्हेंबरमधे ती स्वतः मोलोकाईला, कालाउपापाला गेली, सोबत सिस्टर लिओपोल्डिना आणि सिस्टर विन्सेन्शिया. तीन बाजूंनी समुद्र आणि मागे सरळसोट कडा. तिथे बाया आणि मुलींसाठी बिशप होम नावाचं घर चालवायचं होतं. लिओपोल्डिनाने तिला आधी विचारलं होतं, मदर, मला रोग झाला तर माझं काय कराल? मदर म्हणाली, तुला होणार नाही, आपल्या कुणालाच होणार नाही. आणि त्या संघातल्या एकाही सिस्टरला झाला नाही. लोक याला चमत्कार म्हणतात, म्हणू देत, माझी श्रद्धा आहेच. पण ती हात धुण्याच्या बाबतीत किती कडक होती हेही बघ. हान्सेनने कुष्ठरोगाचा जंतू शोधून जेमतेम दहा-पंधरा वर्षं झाली होती, औषध यायला अजून पन्नासेक वर्षं होती. बहुतेक माणसांच्या शरीरात या रोगाला तोंड द्यायची ताकद असते हे आज आपल्याला माहीत आहे, तिला माहीत नव्हतं, तिला एवढंच कळत होतं की माझ्या मुलींना मी आणलंय तर त्यांना जपायची जबाबदारी माझी.

म्हणून मच्छरदाणीखाली झोप. पाणी उकळून पी. ताप आला तर त्याच दिवशी मलेरियाची टेस्ट कर, उद्या बघू असं नाही. पेशंटांसाठी उपाशी राहिले असं मला अभिमानाने लिहून पाठवू नकोस, मला अजिबात कौतुक वाटणार नाही. चौघींच्या घरात एक आजारी पडली की दुसरी तिला बघते, म्हणजे शाळा पण अर्धी आणि डिस्पेन्सरी पण अर्धी.

मरियानने बिशप होममधल्या मुलींसाठी चांगले कपडे शिवून घेतले, नीट बेतलेले, रंगीत, स्कार्फ वगैरे. झाडं लावली, फुलझाडं, फळझाडं. १८८९ मधे एक नामांकित स्कॉटिश लेखक आठवडाभर तिकडे येऊन राहिला, मुलींबरोबर क्रोके खेळला, आणि नंतर त्याने त्यांना पियानो पाठवला. मरायला टाकलेल्या मुलींना पियानो कशाला असं तेव्हाही कुणीतरी विचारलंच असेल. तुला पण विचारतील, शाळेत चित्रकला कशाला, डिस्पेन्सरीला पडदे कशाला. पडदे लाव. बाई तपासणीसाठी कपडे काढते तेव्हा तिला पडदा लागतो, गरीब असली म्हणून लागत नाही असं नसतं.

आणि शाळेचं म्हणशील तर, मोठ्या वर्गातल्या मुली गळायला लागल्या की आधी संडास जाऊन बघ. दार आहे का, आतून कडी आहे का, पाणी आहे का. मी पाहिलंय, बाहेरून देणगी आली की पहिल्यांदा सगळ्यांना मोठं चॅपल बांधायची घाई होते, आणि मुली महिन्यातले चार-पाच दिवस घरी बसतात, मग आठवडा, मग येतच नाहीत. तुमच्या सुपिरियरला माझं नाव सांगून म्हण की आधी कडीचे संडास, मिस्साची प्रार्थना काय वर्गातही होते. लसींचा फ्रिज पण तसाच, २ ते ८ डिग्रीच्या मधे राहिला पाहिजे, सकाळ-संध्याकाळ तापमान लिहायचं, रविवारीसुद्धा, नाताळातसुद्धा. ज्या दिवशी कंटाळा येईल त्या दिवशी जास्त लक्ष दे, कारण बिघडलेली लस दिसायला चांगलीच दिसते.

१८८९ च्या १५ एप्रिलला फादर डेमियन वारले आणि ते सांभाळत असलेल्या कुष्ठरोगी मुलांची जबाबदारीपण सरकारने मरियानकडे दिली. तिने ती घेतली, सांभाळली, आणि १८९५ मधे पुरुषांच्या संघातले ब्रदर्स आले तेव्हा मुलांचं काम त्यांच्या ताब्यात देऊन सिस्टर्स परत मुलींच्या होमकडे वळल्या. मला तिचं हे फार आवडतं. तुम्हीही पहिल्या दिवसापासून तिथली एखादी मुलगी शोधा जी उद्या डिस्पेन्सरी चालवेल, तिला शिकायला पाठवा, आणि ती आली की खुर्ची सोडा.

भाषेबद्दल तू लिहिलंस की इंग्लिशवर भागेल असं सगळे म्हणतायत. नाही भागणार. तिकडच्या सरकारी प्रायमरी शाळा स्वाहिलीत चालतात, आणि पोट कुठे दुखतंय हे आजी तुला इंग्लिशमधे सांगणार नाही. आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया आठव. आपण त्याचा क्रूस आठवतो, ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानच्या नागासाकीला त्याला क्रूसावर मारलं, १८६२ मधे संतपद, सणाला गर्दी करतो. पण त्याच्या फ्रान्सिस्कन सोबत्यांना रोज उपयोगी पडली ती त्याची जपानी भाषा. लहानपणी येशूसंघीय फादरांबरोबर तिकडे गेला, भाषा शिकला, पुढे व्यापार केला, मग मनिलाला फ्रान्सिस्कन झाला आणि दुभाषा म्हणून परत जपानला आला. त्याने तिथल्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलण्यात वर्षं घालवली होती, हुतात्मा तो नंतर झाला.

आणि तिथल्या नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आल्याशिवाय एकाही पेशंटला इंजेक्शन द्यायचं नाही, कुणी कितीही गळ घातली तरी. वर्क परमिट वेगळं आणि रेसिडेन्स परमिट वेगळं, दोन्हीच्या मुदतीच्या तारखा भिंतीवर लावून ठेवा. तुझ्या घरून आईला वाटत असेल की पोरगी कायमची चालली, तिला दर रविवारी फोन कर, नेटवर्क नसेल तर आधी सांगून ठेव.

आता लगेचचं काम. मदर जनरलना एक अर्ज लिही की पोचल्यावर डिस्पेन्सरी उघडायच्या आधी आम्हा चौघींना सहा महिने भाषेच्या शाळेत राहू द्या. त्या म्हणतील तेवढे महिने कामाशिवाय कसं परवडणार. तेव्हा त्यांना खर्चाचा आकडा दाखवायला लागेल, राहणं, फी, प्रवास, सगळं धरून, तो तू तिथल्या शाळेला ईमेल करून मागव. कच्चा अर्ज मला पाठव, मी दुरुस्त करून देते, आणि जनरल कौन्सिलची मीटिंग पुढच्या महिन्यात आहे म्हणजे पंधरा दिवसांत तो त्यांच्या टेबलावर हवा.

तुझी,
सिस्टर मावशी